गवळण बंद झाली

दिवाळी कधीच संपली, किल्ले मोडून माती परत कुंड्यांमध्ये गेली, पण आमच्या अंबड-सिडकोकडचे किल्लेवाले अजून धुमसताहेत. किल्लेवाले म्हणजे पोरं नव्हेत बरं का! पोरं मजेत आहेत. धुमसताहेत ते त्यांचे बाप, काका आणि एक-दोन आजोबा. मुलांच्या नावाखाली दरवर्षी पार्किंगच्या कोपऱ्यात चार बाय सहा फुटांचा राजगड उभारायचा आणि मुलांना फक्त विटा आणायला पिटाळायचं, अशी ही जमात. मीही त्यातलाच.

झालंय असं, की ज्या कारागिरांकडून आम्ही वर्षानुवर्षं चित्रं घेत आलो, त्यांनी गेल्या दिवाळीत माल बदलला. (किल्ल्यावर मांडायच्या बाहुल्यांना आमच्या घरात चित्रंच म्हणतात. पुण्याकडच्या मंडळींना हे सांगायला नको.) मातीचा माल जवळजवळ बंद, थोडा प्लास्टरचा, आणि बाकी सगळा प्लास्टिकचा, पाकिटात घातलेला. पाकिटात काय? सिंहासनावरचे महाराज, घोड्यावरचे महाराज, तलवारवाले मावळे, भालेवाले मावळे, दोन तोफा आणि एक भगवा झेंडा. मोठ्या पाकिटात अफझलखान. संपलं.

यावर तक्रारी सुरू झाल्या त्या तीन प्रकारच्या. पहिली तक्रार मातीवाल्यांची. मातीच्या चित्राला जो वास असतो, रंग जरा ओघळलेला असतो, एका मावळ्याची मिशी गालावर गेलेली असते, त्याची मजा प्लास्टिकला नाही. कबूल, नाहीच. दुसरी तक्रार मापवाल्यांची. महाराज आठ इंच, मावळा तीन इंच आणि दरवाजा चार इंच, मग महाराज गडावर शिरणार कसे? हे लोक फूटपट्टी घेऊन दुकानात जातात. मला त्यांचं कौतुक आहे, पण आपल्याकडे मोठ्या माणसाचं चित्र मोठंच काढायची रीत जुनी आहे, जुन्या मंदिरांच्या भिंती बघा. तिसरी तक्रार किमतीची, ती दरवर्षी असते.

माझी तक्रार या तिन्हींत नाही. मला प्लास्टिकचंही फार वाईट वाटत नाही. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच. गवळण कुठे गेली?

आठवून बघा. आपल्या लहानपणी किल्ल्याच्या वरच्या अर्ध्यात लढाई असायची आणि खालच्या अर्ध्यात गाव. पायथ्याशी डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, तराजू घेऊन बसलेला वाणी, जात्यावरची बाई, बैलजोडी घेतलेला शेतकरी, पगडीवाला भटजी, वासुदेव. आणि हो, खाकी हाफपँटमधला पोलीस! शिवकाळात पोलीस कुठून आला हे कोणी विचारलं नाही. आरशाच्या तुकड्याचं तळं, त्यात प्लास्टिकचं बदक, शेतात उगवलेले अळीव आणि मोहरी. वर महाराज बसलेले असायचे, पण खरा वेळ आम्ही घालवायचो तो खालच्या गावात. वाण्याचं दुकान विहिरीजवळ की देवळाजवळ, यावर भावाभावांत मारामाऱ्या व्हायच्या. मावळा कुठेही उभा केला तरी चालायचा.

हा अर्धा किल्ला आता विकत मिळत नाही. आणि गंमत अशी, की धुमसणाऱ्या मंडळींच्या यादीत तो नाहीच. मातीचे मावळे परत द्या, एवढीच मागणी.

आता हे असं का झालं, याचं एक उत्तर माझ्या पोटापाण्याच्या धंद्यातच आहे. एमआयडीसीत माझी निम्मी हयात डाय आणि मोल्डमध्ये गेली, त्यामुळे नवं पाकीट हातात आल्यावर मी आधी महाराजांना नमस्कार केला आणि मग उलटं करून पार्टिंग लाइन बघितली.

मातीचा साचा दोन पाळ्यांचा असतो. त्यात ओली माती दाबायची, पाळ्या जुळवायच्या, सोडवायचं. माती ओली असते, जरा वाकते, जरा सहन करते. गवळणीचा हंडा, वर उचललेला हात, वाण्याचा तराजू, हे नंतर वेगळं करून पाण्याच्या बोटाने चिकटवता येतं. साचा झिजला तर घरीच दुसरा करता येतो. म्हणून एका घरात पंचवीस-तीस प्रकारची चित्रं सहज निघायची. एखादं पन्नासच खपलं तरी कोणाचं दिवाळं वाजत नव्हतं.

इंजेक्शन मोल्डिंगचं तसं नाही. पोलादाची डाय करायची म्हणजे खर्च लाखांत जातो, आणि तो पहिला नग पडायच्या आधी करावा लागतो. मग त्या डायमधून हजारोंनी माल निघाला तरच हिशेब बसतो. त्यात पुन्हा डाय दोन बाजूंना सरळ उघडली पाहिजे. वस्तूचा कुठलाही भाग आडवा अडकत असेल तर त्याला आमच्याकडे अंडरकट म्हणतात. अंडरकट आला की बाजूने सरकणारा स्लायडर द्यावा लागतो, आणि स्लायडर आला की खर्च वाढला. आता तलवार उगारलेला मावळा बघा. हात, तलवार, धड, पाय, सगळं एका पातळीत. पापडासारखा चपटा. डायवाल्याला यापेक्षा सोयीचा माणूस नाही! उलट जात्यावरची बाई पुढे वाकलेली, गुडघा दुमडलेला, हात आणि जातं यांच्यामध्ये पोकळी. टूलरूममध्ये तिचं ड्रॉइंग दिलं तर पहिला प्रश्न येईल, "साहेब, हिला उभी करता येईल का?"

म्हणजे गवळण गेली त्यात खपाचा हात आहे तसा पोलादाचाही आहे. खपाचं तर उघडच आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे. उत्साह वाढला, किल्ले वाढले, आणि गिऱ्हाईक मागतं ते महाराज आणि मावळे. कारागिराने तेच करावं, यात त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ओल्या मातीत पावसाळाभर बसून, वाळेल की भेगाळेल याची धास्ती घेऊन, रंगवताना घरातल्या बायकांची बोटं आखडून जे पैसे सुटायचे, ते बघितलं की आपण तोंड न उघडलेलं बरं. त्यांच्या पुढच्या पिढीने शिफ्टची नोकरी धरली तर "परंपरा जपा हो" असं सांगायला आपण कोण? आपण तरी वडिलांचा धंदा केला का?

पण कारागिराला दोष द्यायचा नाही म्हणजे गेलेल्या गोष्टीचं काही वाटूच द्यायचं नाही, असं थोडंच आहे?

रामशेजचंच घ्या. पेठ रस्त्याला लागलं की दिसतो, नाशिककरांचा घरचा किल्ला. 1682 मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला आणि हा एवढासा किल्ला वर्षानुवर्षं त्यांच्या हाती लागला नाही. सरदार बदलले, दमदमे उभारले, उपयोग शून्य. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने रामशेजच केला होता. खाफीखानाने या वेढ्याबद्दल लिहिताना एक मजेदार गोष्ट नोंदवलीय. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या तोफा करून त्या चामड्याने मढवल्या आणि त्यांनी मारा केला. शत्रूच्या बाजूच्या इतिहासकाराने ही दाद दिलीय!

आता सांगा, त्या तोफा कोणी केल्या? लाकूड कोरलं असेल सुताराने, चामडं ताणून शिवलं असेल चांभाराने. आम्हाला रामशेज मांडायचा होता तेव्हा मावळे साठ होते आणि सुतार एकही नव्हता. चांभार तर आमच्या लहानपणीच्या चित्रांतही मी पाहिल्याचं आठवत नाही, त्यामुळे जुनं सगळं सोन्याचं होतं असंही नाही. शेवटी एका शेतकऱ्याचा नांगर तोडून त्याच्या हातात आइस्क्रीमच्या काडीची करवत दिली आणि वेळ भागवली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांवर एक मोठं प्रकरण आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं लिखाण. त्यात गड बांधायच्या आधी पाणी बघायला सांगितलंय, झाडं राखायला सांगितलंय, आणि गडाच्या मानाने एक-दोन एक-दोन असे वैद्य, जखमा बांधणारे, लोहार, सुतार, पाथरवट, चर्मकार ठेवायला सांगितलंय. ज्यांनी प्रत्यक्ष किल्ले चालवले त्यांची यादी ही अशी. आणि पाकिटातली यादी? तलवार, भाला, तोफ. रायगडाची जी गोष्ट प्रत्येक मराठी पोराला पाठ असते ती कोणाची? हिरकणीची, म्हणजे गवळणीचीच. रायगड करणाऱ्याला आता हिरकणी मिळत नाही. बुरूज करा, बुरुजावरून उतरणारी बाई मनात आणा.

आमच्या शेजारच्या इमारतीतल्या सहावीतल्या मुलीने मला विचारलं, "काका, किल्ल्यात सगळे भांडतच असतात का? जेवतात कधी?" मी म्हटलं, पाकिटावर कंपनीचा नंबर असेल, फोन कर!

बाहेरच्या जगातही हे खेळ चालतातच. लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने 1893 मध्ये शिशाचे पोकळ सैनिक ओतायची युक्ती काढली आणि जगभरच्या पोरांना फौजा पुरवल्या. मग पहिलं महायुद्ध झालं. घराघरांतली माणसं खरोखरची गेली, तेव्हा आईबापांना खेळण्यातली फौज नकोशी झाली. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने काय केलं असेल? शेत काढलं. गायी, डुकरं, शेतकरी, दूधवाली, कुंपणं, झाडं, अगदी गावातला वेडासुद्धा. तुफान खपलं. त्यांचा कारखाना फौजेकडून गावाकडे गेला, आपला गावाकडून फौजेकडे चाललाय. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसरं उदाहरण ताजं आहे. इंग्लंडच्याच गेम्स वर्कशॉपने 2015 मध्ये बत्तीस वर्षं चाललेला वॉरहॅमरचा जुना, काल्पनिक युरोपातला खेळ बंद करून नवा काढला. जुन्या फौजांचे पाट चौकोनी, नव्यांचे गोल. एका गड्याने संतापून आपली रंगवलेली फौज जाळली आणि त्याचा व्हिडिओ टाकला. आपली मंडळी निदान तिथपर्यंत गेली नाहीत. पण बाकीच्या बऱ्याच जणांनी नुसतं जाळपोळीवर न थांबता जुना खेळ आपसात चालू ठेवला, जुनी चित्रं शोधून शोधून घेतली. गिऱ्हाईक आहे हे दिसत राहिलं आणि जानेवारी 2024 मध्ये कंपनीने तेच जुनं जग नव्या नावाने परत बाजारात आणलं.

म्हणून धुमसणाऱ्यांना माझं म्हणणं असं, की कारागिराच्या नावाने खडे फोडून काही होणार नाही, ऑर्डर द्या. "परवडत नाही" हे त्यांचं म्हणणं पोलादाच्या डायपुरतं खरं आहे. पण कमी नगांसाठी पोलाद लागतंच कशाला? सिलिकॉन रबराचा साचा घरच्या टेबलावर होतो. एक मूळ चित्र ठेवायचं, भोवती डबी करायची, रबर ओतायचं, दुसऱ्या दिवशी सोलायचं. रबर वाकतं, त्यामुळे अंडरकटची भानगड राहत नाही. जात्यावरची बाई दुमडल्या गुडघ्यासकट सुखरूप बाहेर येते. एका साच्यातून काही डझन नग आरामात निघतात. दहा सोसायट्यांनी मिळून आषाढात सांगितलं, की आम्हाला वीस-वीस गवळणी, वाणी, सुतार, लोहार, चांभार हवेत आणि हे घ्या निम्मे पैसे, तर कुठला कारागीर नाही म्हणेल? दिवाळीला चार दिवस असताना जाऊन "काय हो, गवळण नाही?" असं विचारलं तर तो खांदेच उडवणार.

ओतायचं कशात, यावर आमच्यात अजून एकमत नाही. प्लास्टर लवकर घट्ट होतं, पण पाण्यात विरघळत नाही. गणपतीच्या मूर्तींवरून त्याचं रामायण आपण बघितलंच, 2020 ची केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नियमावली आणि मग 2025 मध्ये कोर्टकचेऱ्या. माझं मत, किल्ल्याच्या चित्रांचं आपण विसर्जन करत नाही, ती कागदात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवतो, तेव्हा प्लास्टर चालावं. मातीवाले काका हे ऐकून माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. असो.

सुतार आणि चांभार यांची मूळ चित्रं घडवायला आमच्यातला एक जण तयार झालाय, त्याचा हात चांगला आहे. गवळण आणि वाणी मात्र जुन्याच हव्यात, तोच चेहरा, तीच बाकदार कंबर. त्यासाठी न फुटलेलं एक-एक चित्र लागेल. माझ्याकडच्या गवळणीला हंडा नाही आणि वाण्याला डोकं नाही.

तर आत्या, तू हे वाचतेयस हे मला माहीत आहे. सातपूरच्या घरी माळ्यावर बाटाच्या खोक्यात तू आमची चित्रं भाताच्या तुसात घालून ठेवली होतीस. खोका अजून असेल तर कोणाला हात लावू देऊ नकोस, मी रविवारी शिडी घेऊन येतो. आणि बाकीच्यांनीही जरा आपापल्या माळ्यांवर बघा. पोलीस सापडला तरी कळवा.