कोण म्हणतो ते लोप पावले?

दिवाळी अंकांतले काही विषय दरसाल ठरलेले असतात. एक भुताची गोष्ट, एक राशिभविष्य, एक परदेशचे प्रवासवर्णन, आणि अधूनमधून ‘माया संस्कृतीचे गूढ’. ह्या शेवटच्या लेखाचा साचाही ठरून गेलेला आहे. अमेरिकेच्या निबिड अरण्यात उंच पायऱ्यांची देवळे उभी आहेत. ती बांधणारे ज्ञानी लोक अकस्मात कुठे नाहीसे झाले कोण जाणे! मग तीन टिंबे, एक उद्गारचिन्ह आणि लेखकाचे छायाचित्र. २०१२ साली तर ह्या गूढाने कळसच गाठला. मायांची कालगणना २१ डिसेंबरला संपते, सबब जगही त्याच दिवशी संपणार, अशी आवई उठली. आमच्या बाळापूरच्या बाजारात तूर आत्ताच विकावी की ठेवून द्यावी, असे एका गृहस्थाने मला गंभीरपणे विचारले होते. २२ डिसेंबर नेहमीसारखी उजाडली आणि गूढाचे दुकान तेवढ्यापुरते बंद झाले.

माझे म्हणणे सरळ आहे. माया लोक कुठेही गेलेले नाहीत. ग्वाटेमालात, मेक्सिकोत, बेलीझमध्ये ते आजही मका पेरतात, आणि साठ लाखांहून अधिक माणसे मायाकुळातल्या तीसेक भाषा बोलतात. १९९२ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू ह्या बाई त्यांच्यातल्याच, किचे मायांपैकी. ‘लोप पावले’ हा शब्दप्रयोग दिसायला निरुपद्रवी आहे, पण तो लुटणाऱ्याच्या सोयीचा आहे. मालक आपोआप नाहीसा झाला असे एकदा ठरले, की घरात शिरलेल्याला कोणी जाब विचारीत नाही. आणि हा शब्द मला विशेष खुपतो तो एवढ्यासाठी की, हाच डाव त्याच काळात आमच्या उंबऱ्यावर, गोव्यात, खेळला गेला होता.

आधी मायांचे पाहू. इसवी सनाच्या नवव्या शतकात दक्षिणेकडची तिकाल, पालेंके ही नगरे ओस पडली हे खरे. पण नगर ओस पडणे निराळे आणि लोक संपणे निराळे. देवगिरीची राजधानी गेली म्हणून मराठी माणूस संपला, असे कोणी लिहील काय? दक्षिण विरळ झाली तेव्हा उत्तरेला युकातानच्या सपाट मुलखात चिचेन इत्सा भरभराटले, त्यामागून तटबंदीचे मायापान उभे राहिले. मीठ, मध, सुती कापड आणि कोको ह्यांचा व्यापार होड्यांतून किनाऱ्याकिनाऱ्याने चाले. १५०२ साली कोलंबसाला होंडुरासच्या समुद्रात भेटलेली मालाने भरलेली मोठी होडी ह्याच व्यापारातली. ‘लोप पावलेले’ लोक व्यापार करतात, हे आमच्या गूढलेखकांना कोणीतरी सांगायला हवे.

मायापान १४४१ च्या सुमारास आपसांतल्या वैरात पडले आणि युकातानात सोळाच्या आसपास लहान लहान राज्ये उरली. त्यांत शिऊ आणि कोकोम ह्या दोन घराण्यांचे हाडवैर. १५३६ साली पावसासाठी नवस फेडायला निघालेल्या शिऊंना कोकोमांनी पाहुणचार करून ठार मारले. पुढे स्पॅनिश फौज आली तेव्हा शिऊ तिला जाऊन मिळाले. ही गोष्ट मराठी वाचकाला फोड करून सांगण्याची गरज नसावी. १५२४ साली किचेंची राजधानी उतात्लान जाळली गेली. १५४२ साली त्होच्या जुन्या देवळांचेच दगड घेऊन मेरिदा शहर वसवले गेले. तरीही सारा मुलूख एका दमात हाती आला नाही. पेतेनच्या सरोवरातल्या बेटावर इत्सा मायांचे राज्य १३ मार्च १६९७ पर्यंत टिकले. रायगडावर १६७४ साली शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक माया राजा अजून आपल्या गादीवर बसलेला होता. आणि आपण म्हणतो, ते हजार वर्षांपूर्वी नाहीसे झाले!

तलवारीपेक्षा जास्त नुकसान मात्र एका दिवसाने केले. १२ जुलै १५६२ रोजी मानी गावी दिएगो दे लांदा नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने मूर्तींबरोबर मायांच्या पोथ्यांची होळी केली. झाडाच्या सालीच्या कागदावर रंगवलेल्या त्या घडीच्या पोथ्यांत ग्रहगणित होते, व्रते होती, वंशावळी होत्या. लांदाने स्वतःच पुढे लिहून ठेवले की, आम्ही सगळ्या जाळल्या आणि त्या लोकांना त्याचे अतोनात दुःख झाले. आज जगात अशा पोथ्या चारच उरल्या आहेत.

ह्या लांदाची एक गोष्ट मला फार आवडते. वरिष्ठांनी चौकशीसाठी स्पेनला बोलावले तेव्हा त्याने १५६६ च्या सुमारास युकातानवर एक ग्रंथ लिहिला. त्यासाठी माया लेखनिकाला समोर बसवून तो विचारीत गेला, तुमचा ‘आ’ कसा काढता, ‘बे’ कसा काढता? त्या लिपीत सुटी मुळाक्षरे नव्हती, चिन्हे अवयवांची होती. ‘बे’ म्हणजे मायांत वाट. लेखनिकाने पावलाची खूण काढून दिली. पुढे साहेबाने एक वाक्य लिहून दाखव म्हटले. लेखनिकाने लिहिले, ‘मा इन काति’. म्हणजे, मला नको! लांदाने ते इमानेइतबारे उतरून घेतले. जाळणाऱ्याच्याच वहीत राहिलेल्या ह्या खुणांच्या आधारे १९५२ साली क्नोरोझोव ह्या रशियन पंडिताने ती लिपी उलगडण्याची वाट दाखवली. लांदाचे उपकार मानणारे लोक आहेत. घर पेटवणाऱ्याच्या खिशात घराची किल्ली सापडली तर त्याला राखणदार म्हणायचे काय?

मानीच्या होळीच्या दोनच वर्षे आधी, १५६० साली, गोव्यात पोर्तुगिजांचे इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झाले. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा घेतले. १५४० पासून तिसवाडीतली देवळे पडू लागली, पुढे साष्टी आणि बारदेशचीही तीच गत झाली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. ज्या अंत्रुज महालात हे देव गेले तो त्या वेळी आदिलशहाच्या अमलाखाली होता. नदीपलीकडे दुसऱ्याचे राज्य होते म्हणून आमचे देव वाचले. मायांना पेतेनचे अरण्य होते, पण नदीपलीकडे एक आख्खा माया मुलूख शाबूत राहिलेला नव्हता. आमच्याकडे पंढरपूर होते, पैठण होते, आमच्या जवळचे नर्सी आणि औंढा होते. समजा, गोव्याच्या मागे हा महाराष्ट्र नसता, तर आज कोणी इंग्रज लेखक लिहून मोकळा झाला असता की, गोमंतकात एकेकाळी मराठी नावाची गूढ भाषा होती, ती अकस्मात लोप पावली.

पोथ्यांची कथाही तीच. केळोशीच्या कृष्णदास शामाने १५२६ साली कृष्णचरित्र रचले. ती रचना, आणि सोळाव्या शतकातल्या गोव्यातल्या रामायण-महाभारताच्या कोकणी-मराठी कथा, आज वाचायच्या तर पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात, रोमन अक्षरांत. जेझुइटांनी त्या शत्रूचा अभ्यास म्हणून उतरवून घेतल्या होत्या. लांदाच्या वहीचे हे सख्खे भावंड.

फादर स्टीफन्सचे नाव काढले की आम्ही मराठी लोक विरघळतो. १५७९ साली गोव्यात आलेल्या ह्या इंग्रज जेझुइटाने अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे ख्रिस्तपुराण लिहिले, ते १६१६ साली रायतूरला छापले. मराठीची त्याने केलेली स्तुती आम्ही शाळेत पाठ करतो, आणि माणूस खरोखर रसिक होता. पण त्याच्या पुराणातच नवख्रिस्ती श्रोते त्याला काय म्हणतात ते कोणी पाठ करवून घेत नाही. तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही द्याल की नाही, असा त्यांच्या मागणीचा आशय आहे. म्हणजे ओवीचा तो सुंदर ग्रंथ रिकाम्या केलेल्या फळीवर ठेवलेला आहे. तोही रोमन लिपीत. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला, पण देवनागरीचे खिळे काही तिथे पडले नाहीत. ग्रंथाची थोरवी मला मान्य आहे. फळी कोणी रिकामी केली एवढे मात्र मुलांना सांगा, इतकेच मागणे आहे.

आता त्या हुकुमाकडे येतो. १६८३ च्या अखेरीस संभाजीराजांच्या फौजांनी जुवे बेट घेतले, साष्टी-बारदेशात घुसल्या. विजरई कोंदे दि आल्व्होर इतका घाबरला की, सेंट झेवियरची शवपेटी उघडून त्याने आपला अधिकारदंड संताच्या हवाली केला. शहाआलमची मोगली फौज आली म्हणून मराठे परतले आणि गोवा बचावले. ह्याच विजरईने २७ जून १६८४ रोजी फर्मान काढले: एतद्देशीयांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. मुलांना त्याच भाषेत शिकवण्याचे काम पाद्र्यांवर आणि शाळामास्तरांवर सोपवले. संभाजीराजांची स्वारी आमच्या पोरांना ठाऊक असते. हा हुकूम मास्तरांनासुद्धा ठाऊक नसतो.

तीन वर्षे झाली, तीस झाली, लोक कोकणीच बोलत राहिले. १७४५ साली आर्चबिशपने नवा फास टाकला, पोर्तुगीज येत नसेल तर लग्न लागणार नाही. तरीही लोकांची लग्ने झाली, मुले झाली, ती कोकणीतच रडली. १८१२ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले, आणि त्याच साली शाळेत मुलांनी कोकणी बोलू नये असा चर्चचा हुकूम निघाला. मोठ्यांची जीभ वळत नाही म्हटल्यावर मुलांची जीभ धरली. ह्यात धर्माला शिव्या देणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, गोव्यातल्या घराघरांत कोकणी टिकवली ती ख्रिस्ती बायामाणसांनीसुद्धा, जशी किचेंची पोपोल वुह ही पुराणकथा सोळाव्या शतकात बाप्तिस्मा झालेल्या मायांनीच रोमन अक्षरांत लिहून ठेवली. आणि १८५८ साली कोकणीची बाजू घेऊन हे सारे हुकूम चव्हाट्यावर मांडणारा कुन्य रिव्हार हा पोर्तुगीज सरकारी अधिकारीच होता.

इथवर वाचून दिवाळीच्या फराळाबरोबर हळहळणे सोपे आहे. परक्याने केलेल्या अन्यायावर आम्ही फार छान हळहळतो. पण आल्व्होरचे फर्मान आज कुठे चालू आहे ते पाहा. वर्गात मराठीत बोलले तर दहा रुपये दंड, असा नियम लावणाऱ्या इंग्रजी शाळा तालुक्यातालुक्यांत निघाल्या आहेत, आणि दंडाचे दहा रुपये बाप हौसेने भरतो. निजामाच्या राज्यात आमच्या आजोबांच्या पिढीला वरचे शिक्षण उर्दूतून घ्यावे लागले. १९४८ साली ते जोखड उतरले. त्यांचा नातू पैसे मोजून दुसरे विकत घेतो आहे.

हा झाला मराठीवरचा अन्याय. तो सांगायला आम्हांला आवडते. मराठीने केलेला सांगायला आवडत नाही. आमच्या कळमनुरी तालुक्यात तांडे आहेत. तांड्यावरचे लेकरू सहाव्या वर्षी शाळेत येते ते गोरबोली बोलत. पहिल्याच आठवड्यात त्याला कळते की आपल्या तोंडात जे आहे त्याला इथे ‘अशुद्ध’ म्हणतात. कोणी मारीत नाही, नुसते हसतात. सगळा वर्ग हसतो आणि मास्तर थांबवीत नाहीत, पुष्कळदा तेही हसतात. आल्व्होरने तीन वर्षांची मुदत तरी दिली होती! मराठी आली पाहिजे, उत्तम आली पाहिजे, ह्याबद्दल माझा वाद नाही. मी पोटासाठी तीच शिकवतो. पण ती यायची तर पहिली मरायला हवी, हे कुठल्या शास्त्रात लिहिले आहे? २०११ च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी बोलणारे बत्तीस लाखांवर भरले, आणि त्यांची भाषा हिंदीच्या पोटात मोजली गेली. उद्या तिच्यावरही कोणीतरी ‘गूढ’ लेख लिहील.

‘बोली आहे, लिपी नाही, पुस्तक नाही,’ असे उत्तर मला शिक्षकांच्या बैठकींत मिळते. ज्यांच्या पोथ्या होत्या त्यांच्या जाळल्या गेल्या, आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांना नाहीत म्हणून हिणवायचे, असा हा न्याय आहे. देवनागरीत गोरबोली बिनतक्रार लिहिता येते. प्रत्येक शाळेने चाळीस पानी एक वही घालावी. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बायांना होळीच्या लेंगीची गाणी, बैलांची नावे, झाडपाल्याची औषधे विचारावीत, पोरांनीच ती लिहावीत आणि खाली सांगणारीचे नाव घालावे. वहीला अनुदान लागत नाही. परिपत्रकाचीही वाट पाहू नये. परिपत्रक येईल तेव्हा ते शहरातल्या शुद्ध भाषेत असेल आणि त्यात ‘लोप पावत चाललेल्या बोली’ असा मथळा असेल.