उतरती रेषा आणि शक्तिपूजक समाज

सरकारी दप्तरात आकड्यांची उणीव कधीच नव्हती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी देशातील माणसे मोजली गेली, अहवालांचे खंड निघाले आणि कपाटांत विसावले. उणीव होती ती हे आकडे कालक्रमाने शेजारी शेजारी मांडून पाहण्याची. एकटा आकडा मुका असतो; मागच्या-पुढच्या आकड्यांच्या रांगेत उभा राहिला की तो बोलू लागतो. सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हा असाच एक आकडा. देशात तो १९६१ मध्ये ९७६ होता. त्यानंतरच्या गणनांत तो अनुक्रमे ९६४, ९६२, ९४५, ९२७ आणि २०११ मध्ये ९१९ झाला. पन्नास वर्षांत ही रेषा एकदाही वर वळली नाही.

ही घसरण समाजाच्या नजरेतून निसटली, याचेही कारण आकड्यांतच आहे. एकूण लोकसंख्येतील स्त्रियांचे प्रमाण याच काळात सुधारत होते. १९९१ मध्ये दर हजारी ९२७ असलेले हे प्रमाण २०११ मध्ये ९४३ झाले. मोठ्या वयाच्या स्त्रिया अधिक जगू लागल्या, याचे समाधान मानत असताना घराघरांतील पाळणे रिकामे होत होते. एकाच कागदावर या दोन रेषा काढल्या असत्या, तर त्यांच्या उलट दिशा शाळकरी मुलालाही दिसल्या असत्या.

रेषेचा उतार कोठे तीव्र होतो, हेही पाहण्यासारखे आहे. १९७१ ते १९८१ या दशकात घट अवघी दोन अंकांची. पुढच्या दशकात ती सतरा अंकांची झाली. गर्भलिंगनिदानाचे तंत्र शहरांतून पसरू लागले तो हाच काळ. मुलगा हवा ही इच्छा जुनी होती. यंत्राने तिला हत्यार दिले. १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ मध्ये संसदेने. तरीही महाराष्ट्रातील प्रमाण १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ असे उतरतच गेले.

जिल्हावार नकाशा रंगवला की चित्र अधिक बोचरे होते. २००१ मध्ये अंबाबाईच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे प्रमाण ८३९ होते आणि शेजारच्या सांगलीत ८५१. ऊस, सहकार आणि शिक्षण यांनी समृद्ध झालेला हा प्रदेश. दहा वर्षांनी तेथे किंचित सुधारणा झाली. परंतु योगेश्वरीच्या अंबाजोगाईचा बीड जिल्हा ८९४ वरून ८०७ वर घसरला. याउलट वनवासीबहुल गडचिरोलीत दोन्ही गणनांत ते साडेनऊशेच्या वरच राहिले. ज्यांना मागास म्हणून हिणवले जाते, त्यांच्या घरी लेकीला जागा आहे. नवरात्रात कन्यापूजन करणाऱ्या सुशिक्षित घरांत मात्र ती नाकारली जाते. या विसंगतीचा दोष परकीय आक्रमकांवर किंवा केवळ सरकारवर ढकलता येणार नाही.

ही रेषा वळवता येते, याचे दाखलेही आहेत. पंजाबात २००१ मध्ये ७९८ असलेले प्रमाण २०११ मध्ये ८४६ झाले. नमुना नोंदणीनुसार देशातील जन्मवेळचे प्रमाण २०१५-१७ या काळात ८९६ होते, ते २०१८-२० मध्ये ९०७ झाले. निसर्गतः ते साडेनऊशेच्या आसपास असते, हे ध्यानात घेता मजल अजून बरीच दूर आहे.

जळगाव जिल्ह्यात सुरू झालेला 'गुड्डा-गुड्डी' फलक या दृष्टीने अनुकरणीय ठरतो. गावात जन्मलेल्या मुलामुलींची महिनावार संख्या त्यावर मांडली जाते. दप्तरातील नोंद चारचौघांत येते आणि जे उंबऱ्याआड घडते त्याचा हिशेब गावाला दिसतो. अर्थात, लहान गावात एका महिन्याच्या आकड्यावरून कोणत्याही घराकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. जन्म थोडे असले की आकडा योगायोगानेही हेलकावतो. म्हणून पाच-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र पाहूनच निष्कर्ष काढला पाहिजे.

कोविड महासाथीमुळे २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. जून २०२५ मधील अधिसूचनेने देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक ठरवला. २००१ मध्ये पाळण्यात असलेली मुले आज पंचविशीत आली आहेत आणि गावोगावी उपवर मुलांचे आईबाप स्थळांसाठी वणवण करीत आहेत. न जन्मलेल्या मुलींची नोंद कोणत्याही खंडात नाही. ती या वणवणीत आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी नव्या आकड्यांची वाट पाहत बसू नये. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी आजही उपलब्ध आहेत. वस्तीवस्तीत गेल्या दहा वर्षांची रेषा काढावी, कुटुंब प्रबोधनाच्या बैठकीत ती ठेवावी, लेकीच्या जन्माचे स्वागत सार्वजनिकरीत्या करावे. आदिशक्तीची उपासना देव्हाऱ्यापुरती उरली की जनगणना काय होते, ते दिसलेच आहे. ती घरात उतरली की काय होते, हे पुढच्या रेषेने दाखवावे.