नहेम्या आणि आईची वही

नेतृत्व म्हटलं की आपल्याला स्टेज, माईक आणि हार आठवतात. मला मात्र आईची हिशोबाची वही आठवते.

डिंडोलीत आमच्या गल्लीत खानदेशातली घरं जास्त. पुरुष लूमवर नाहीतर मिलमध्ये, बाया घरी साड्यांचं जॉबवर्क करतात: धागा कटिंग, लेस, स्टोन. आई मार्केटमधून माल आणते आणि अकरा जणींना वाटते. वही माझ्याकडे. गेल्या दिवाळीआधी व्यापाऱ्याने पेमेंट लांबवलं. मी आईला म्हणालो, "आपले आले की त्यांना देऊ." दोघींनी उचल घेतली होती, ती कापायची खूणही करून ठेवली. हिशोबाने काहीच चूक नव्हतं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या प्रार्थनेत नहेम्याचा ५वा अध्याय वाचला गेला. यरुशलेमचा तट ५२ दिवसांत पुरा करणारा नहेम्या आपल्याला माहीत असतो. पण त्या बांधकामाच्या गोष्टीतच मध्ये लोकांची ओरड येते. दुष्काळ, राजाचा कर, शेतं आणि द्राक्षमळे गहाण, पोरीबाळी गुलामीत. आणि सावकार परके नाहीत, आपलेच भाऊबंद. नहेम्याला राग येतो, पण तो आधी मनाशी विचार करतो आणि मग सरदारांना जाब विचारतो. तेव्हाच तो सांगतो की मी आणि माझी माणसंसुद्धा पैसे आणि धान्य कर्जाऊ देतो. चला, हे व्याज आपण सोडून देऊ. दोषाच्या यादीतून तो स्वतःला वगळत नाही. सुभेदार म्हणून मिळणारा भत्ता तो १२ वर्षं घेत नाही. रोज १५० माणसं पंगतीला असूनही नाही, कारण लोकांवर आधीच ओझं आहे.

आपल्या मराठीत असं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या, निराधार बायका-मुलींना केडगावला घेऊन आल्या. नुसतं जेवू घातलं नाही, तर शिकवलं, हाताला काम दिलं. पुढे रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यातच छापलं गेलं. सांभाळणं म्हणजे समोरच्याला पायावर उभं करणं.

कोणी म्हणेल, अशाने धंदा बुडेल. शंका खरी आहे. आई काही मोठी शेठाणी नाही. पण नहेम्याही हिशोब सोडा म्हणत नाही. ओझं कोणाला किती झेपेल, ते तो बघतो. पेमेंट उशिरा आलं तर आमच्या घरी नवे कपडे राहतील. खालच्या खोलीतल्या मावशींचं भाडं थांबेल. उशीर एकच, पण दोन घरांत त्याचं वजन वेगळं.

मी आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, तूच बोललास." तिने भिशीचे पैसे काढले, सगळ्यांना निम्मे निम्मे दिले. उचल दिवाळीनंतर कापायची ठरली. बाकीचे पैसे महिन्याने आले. तोवर आमचीही ओढाताण झाली, ती लपवत नाही.

आपल्यापैकी कोणी वर्गप्रतिनिधी आहे, कोणी मंडळाचा सचिव, कोणी गल्लीतल्या गणपतीचा अध्यक्ष. उद्या हाताखाली माणसं येतील. तेव्हा एवढंच विचारायचं: मी घेतलेल्या निर्णयाची झळ सगळ्यात आधी कोणाला लागते? उत्तरात नेहमी दुसऱ्याचंच नाव येत असेल, तर वही पुन्हा उघडायला हवी.