काळोखाचे कौतुक

चित्रपट हे मुळात दृश्यमाध्यम. त्यात कथा शोधणे हा अरसिकपणा होय, असे हल्ली सुशिक्षित प्रेक्षकांतही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. गुन्हा, मोह आणि विश्वासघात यांवर उभ्या असणाऱ्या व ‘न्वार’ या फ्रेंच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटांविषयी तर हे मत जणू शास्त्रवचनच झाले आहे. भिजलेला रस्ता, भिंतीवरील सावल्यांच्या पट्ट्या, धुराने भरलेली मद्यशाळा, एवढे दिसले की चित्रपट थोर! हे मत आम्हांस साफ अमान्य आहे.

या सावल्या मुळात आल्या कोठून? १९४४ सालच्या बिली वाइल्डर यांच्या ‘डबल इन्डेम्निटी’त एक विमा-विक्रेता स्त्रीच्या व पैशाच्या मोहाने तिच्या पतीचा खून करतो. त्याच्या अंगावर पडणाऱ्या झडपांच्या सावल्या तुरुंगाच्या गजांसारख्या भासतात, कारण ते गज त्याने स्वतःच्या कृतीने ओढवून घेतलेले असतात. कृती वगळा, मग उरते ती केवळ खिडकीची झडप.

नेमके हेच अनुराग कश्यप यांच्या ‘बॉम्बे वेल्वेट’मध्ये (२०१५) झाले. जुन्या मुंबईचा भव्य देखावा श्रीलंकेत उभारला गेला. राजीव रवी यांचे छायालेखन नेत्रसुखद आहे. समुद्रात भर घालून जमीन निर्माण करणारे धनिक आणि त्यांच्या हातचे बाहुले झालेला तरुण, असा जिवंत विषयही हाती होता. परंतु तो तरुण जे करतो ते का करतो, हे मनाला पटत नाही. मग त्याचे रक्त सांडले तरी डोळा दिपतो, काळीज हलत नाही. तिकीटबारीवरील अपयश हा आमचा पुरावा नव्हे. आमचा आक्षेप पडद्यावरच्या पोकळीला आहे.

याउलट श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ (२००७) पाहा. पाच भागीदार, अडीच कोटी रुपये आणि एक आगगाडी. तरुण विक्रमला चोरी करावयाची असते, खून नव्हे. पण बेशुद्ध करावयाचा सोबती त्याला ओळखतो आणि पहिला खून घडतो. पुढचा प्रत्येक खून मागच्यातून निघतो. या चित्रपटालाही नटवेपणाची हौस आहे. पण ती कथेच्या अंगावरचा दागिना आहे, कथेऐवजी मांडलेला दागिना नव्हे.

‘आशय शैलीतच असतो,’ असे आमचे प्रतिपक्षी म्हणतील. त्यांना आम्ही आमच्याच मुलखाचा दाखला देतो. आमचे पाचोड पैठण तालुक्यातले. पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथीची चित्रे आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. रंग ठसठशीत, डोळे विशाल. शैलीत कसलीच उणीव नाही. तरीही चित्रकथी नुसते चित्र धरून गप्प बसत नसे. चित्र समोर ठेवून तो आख्यान लावी. म्हणूनच त्याला चित्रकथी म्हणत.

खेड्यातल्या श्रोत्याला कळलेली ही गोष्ट शहरी टीकाकाराला कळू नये, याचे आम्हांस नवल वाटते. काळोख कोणीही दाखवील. त्यात माणूस कसा शिरला, हे सांगणे हेच कलावंताचे काम होय.