रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस उठत नाही

कोविडची साथ सरली, पण काही घरांत ती अजून मुक्कामाला आहे. ताप जाऊन वर्षं झाली, तरी थोडं काम केलं की दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावं लागतं. रक्त, एक्स-रे, ईसीजी सगळं नॉर्मल. मग कुणी म्हणतं मनाचे खेळ, कुणी म्हणतं नजर लागली. आणि घरातली सून असेल तर ती थेट कामचुकार ठरते.

मोठ्या संशोधन केंद्रांनी या संशयाला आता बऱ्यापैकी उत्तर दिलंय. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अकिको इवासाकी आणि न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईचे डेव्हिड पुत्रिनो यांच्या गटाने अडीचशेहून अधिक लोकांचं रक्त तपासलं. २०२३ मध्ये ‘नेचर’ने ते छापलं. लाँग कोविडच्या रुग्णांत कॉर्टिसॉल जवळपास निम्मं होतं, काही टी-पेशी थकलेल्या होत्या, आणि शरीरात झोपून राहणारा एपस्टीन-बार विषाणू पुन्हा जागा झाल्याच्या खुणा होत्या. वर्गात सांगायचं तर, चोर गेला तरी पहारेकरी दमून-भागून शिट्ट्या मारतोच आहे. नेहमीच्या सीबीसीत यातलं काहीच दिसत नाही. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही, फक्त तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

ॲमस्टरडॅमचा २०२४ चा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. तिथे २५ रुग्णांना सायकल चालवायला लावली आणि आधी-नंतर मांडीच्या स्नायूचा बारीक तुकडा काढून पाहिला. श्रमानंतर स्नायूंची हानी वाढलेली होती, रोगप्रतिकारक पेशीही तिथे शिरलेल्या होत्या. ‘उठ, फिर, सवय होईल’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. विषाणूनंतर जडणाऱ्या अशाच जुनाट थकव्याच्या आजारासाठी, म्हणजे एमई/सीएफएससाठी, ठरवून वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये, असं ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्येच सांगितलंय.

औषधाचं काय? इथे मात्र हात रिकामे आहेत. स्टॅनफर्डने १५ दिवस पॅक्सलोविड देऊन पाहिलं, रुग्णांना ठळक फायदा झाला नाही. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात कारमेन शायबेनबोगेन यांचा गट रक्तातली, स्वतःच्याच शरीरावर उलटलेली प्रतिपिंडं गाळून काढण्याचा प्रयोग करतोय. काहींना बरं वाटलं, सगळ्यांना नाही. अमेरिकेने या आजाराच्या संशोधनासाठी २०२० अखेरीस १.१५ अब्ज डॉलर मंजूर केले. उपचारांच्या चाचण्या मात्र फार उशिरा सुरू झाल्या, ही तिथल्या रुग्णांची तक्रार रास्तच आहे. २०२५ मध्ये तर लाँग कोविडसाठीचं सरकारी कार्यालयच बंद करण्याचा निर्णय झाला.

या रिकाम्या जागेत आपल्याकडे ‘इम्युनिटी वाढवा’ वाल्या पुड्या आणि हजारोंच्या सलाईन विकल्या जातात. येलचं काम नीट पाहिलं तर प्रश्न प्रतिकारशक्ती कमी असण्याचा नाहीच, ती भरकटल्याचा आहे. भरकटलेल्याला जोर देऊन काय होणार? त्यापेक्षा हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, टीबी हे आधी तपासून घ्या, कारण त्यांवर इलाज आहे. तेही नॉर्मल आलं, तर त्या घरातल्या बाईच्या वाटणीची भांडी काही महिने दुसऱ्या कुणीतरी घासावीत.