खेळामागचे गणित

परळ-लालबागच्या चाळींत मूल मोबाईलवर खेळताना दिसले की आम्ही मोठी माणसे रागावतो. माझे मत थोडे वेगळे आहे.

शेजारच्या पुण्याचे उदाहरण घ्या. तेथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेचा लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला. तरी तिने काम सोडले नाही. २०२० मध्ये तिचा ‘राजी’ हा खेळ प्रसिद्ध झाला. भावाला असुरांपासून सोडवायला निघालेली राजी त्यात उड्या मारते, भिंतीवरून धावते.

अशी उडी पडद्यावर येते कशी? समजा, सेकंदाला ६० चित्रे उमटतात. मग पृथ्वीवरच्यासारख्या उडीसाठी वर जाणारा वेग दर चित्रामागे ९.८ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.१६ मीटरने कमी करायचा. ९.८ ऐवजी १.६ घेतले, की तीच उडी चंद्रावरची होते!

हे गणित तुमच्या नववी-दहावीच्या पुस्तकातलेच आहे. खेळायला वेळेची मर्यादा हवीच. पण शिक्षकांनी मोबाईल काढून घेताना, “ही उडी कशी रचली असेल?” एवढे तरी विचारावे. आणि तुम्ही उत्तर वहीत मांडून पाहावे. उद्याचे खेळ रचणारे त्यातूनच निघतील.