टाकाऊतून टिकाऊ : बंद लॅपटॉपमधली फोटोंची डबी

मैत्रिणींनो, घरात बंद पडलेला लॅपटॉप असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. लॅपटॉप बंद पडला म्हणजे आतले फोटो गेले असं नव्हे. बारशाचे, मुंजीचे फोटो आणि बँकेचे कागद असतात आतल्या हार्ड डिस्कमध्ये, आणि ती पुष्कळदा ठणठणीत असते. तशीच विकलीत, तर घरातलं सारं परक्याच्या हाती!

साहित्य : लॅपटॉपमधली अडीच इंची साटा हार्ड डिस्क, साटा ते यूएसबी जोडणारी वायर (संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळते), आतून साधारण १४ बाय ९ सेंटिमीटरची प्लॅस्टिकची डबी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चार पट्ट्या.

कृती : प्रथम डबीला तापवलेल्या दाभणाने हवेसाठी भोकं पाडा, एका कडेला वायरीपुरती खाच करा. लॅपटॉपचा चार्जर व बॅटरी काढा. बॅटरी आतच बसवलेली असेल, तर डिस्क दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. आधी हात नळाला लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज डिस्कला बाधणार नाही. स्क्रू काढून डिस्क अलगद सरकवा. वायर एकाच बाजूने बसते, जोर करू नका. डबीच्या कोपऱ्यांत पट्ट्या घालून डिस्क ठेवा. डिस्कवरचं बारीक छिद्र मात्र बुजवू नका. झाली डबी तयार!

अडीच इंची डिस्क यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. टेबलावरच्या संगणकाची साडेतीन इंची डिस्क यावर चालणार नाही, तिला १२ व्होल्टही लागतात.

लक्षात ठेवा : डबी जोडल्यावर पडद्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ असं आलं, तर ‘नाही’ म्हणा. ‘हो’ म्हटलंत की फोटो हातचे जायची भीती. कट्‌कट् आवाज आला तर लगेच बंद करून जाणकाराला दाखवा. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा त्याहून जास्त फेरे घेते, तेव्हा डबी चालू असताना हलवू नका. डिस्कचं सीलबंद झाकण तर कधीच उघडू नका.

आणि हो, फोटो दिसले की त्याच दिवशी आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा. वर्षाचं लोणचं आपण एकाच बरणीत कुठे भरतो?